चारशे बारा एरर, त्यातली पहिली कोणती?

आमचं जुनं वायफाय मॉड्युल बाजारातून गायब झालं आणि तिथून हे सगळं लचांड माझ्या मागे लागलं.

आम्ही सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी एक छोटं यंत्र बनवतो. टाकीत पाणी किती आहे, पंप कधी चालू झाला, किती वेळ चालला हे मोजायचं आणि सेक्रेटरीच्या मोबाइलवर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. आत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर लिनक्स. मे महिन्यात मॉड्युल पुरवणाऱ्याने कळवलं की हे मॉडेल बंद झालं, दुसरं घ्या. मी लॅमिंग्टन रोडची चार-पाच दुकानं पालथी घातली. सगळीकडचे मिळून अकरा नग निघाले, तेही दोन प्रकारचे. आम्हाला हवे होते तीनशे.

म्हणजे नवीन मॉड्युल, त्याचा नवीन ड्रायव्हर, आणि तो आत बसवून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा बिल्ड करणं आलं. सर म्हणाले, “ड्रायव्हर टाकायचा, मेक मारायचं. दोन दिवस धर.” मेक म्हणजे सगळा कोड क्रमाने कंपाइल करून घेणारी आज्ञा. मीही मान डोलावली. कर्नलला जोडायचे सुटे भाग (त्यांनाही मॉड्युलच म्हणतात) मी पूर्वी कंपाइल केले होते, अख्खं झाड मात्र कधी हलवलं नव्हतं.

झाड म्हणजे सोर्स ट्री. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर, कर्नल, स्वतःचे ड्रायव्हर, फाइल सिस्टिम तयार करणाऱ्या स्क्रिप्टा असं सगळं एकाच झिपमध्ये कोंबून दिलं होतं. त्यातच आमचा सेन्सरचा ड्रायव्हरही जाऊन बसला होता. कर्नल होतं ४.९. ही आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि दीर्घ देखभालीच्या यादीत असल्यामुळे जानेवारी २०२३ पर्यंत तिला दुरुस्त्या मिळत राहिल्या. आमच्या झिपला त्यातल्या सुरुवातीच्या थोड्या लागलेल्या, पुढच्या एकाही दुरुस्तीचा वारा लागलेला नव्हता. हे काम आधी करणारा सहकारी वर्षापूर्वीच सोडून गेला. त्याचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन आता अकाउंट्सवाल्यांकडे आहे. कोणत्या कंपायलरने बिल्ड करायचा, काय काय इन्स्टॉल असायचं, याची नोंद कुठेही नाही.

जुलैचा पहिला आठवडा होता. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी, आणि विक्रोळीहून अंधेरीला जायचं तर जेव्हीएलआरवर बस जागची हलेना. सरांनी घरूनच काम करायला सांगितलं. कन्नमवार नगरातलं आमचं घर, जेवणाचं टेबल, एका बाजूला आईची भाजी निवडणं आणि दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप, असा तो कारखाना सुरू झाला.

पहिले दोन अडथळे निव्वळ माझ्या बावळटपणाचे. फोल्डरचं नाव मी “न्यू वायफाय” असं मध्ये जागा सोडून ठेवलं होतं. मेकने पहिल्याच ओळीत बजावलं, मुख्य फोल्डरच्या नावात रिकामी जागा किंवा कोलन चालणार नाही. बरं, नाव बदललं. पुढचा अडथळा जरा मजेशीर होता. झिप मी विंडोजमध्येच उलगडली होती आणि बिल्ड त्यातल्या लिनक्समधून, पण विंडोजच्याच ड्राइव्हवर चालवत होते. उलगडताना मध्येच विचारलं गेलं होतं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मी सवयीने “सगळ्यांना हो” म्हटलं. आता मेक म्हणतोय की नेटवर्कची पॅकेट गाळणाऱ्या नेटफिल्टरच्या फोल्डरमधली एक फाइल कशी बनवायची ते मला माहीत नाही. बघते तर फाइल खरंच नाही. कर्नलच्या त्या भागात काही फाइलींची नावं जोडीने आहेत. तीच अक्षरं, एक नाव कॅपिटलमध्ये आणि दुसरं स्मॉलमध्ये, आणि दोघांची कामं वेगळी. एक पॅकेट तपासतं, दुसरं पॅकेट बदलतं. लिनक्सला त्या दोन फाइली, विंडोजच्या ड्राइव्हला एकच. माझ्या “सगळ्यांना हो”ने एकेका जोडीतली एक फाइल गिळली होती. झिप पुन्हा लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये उलगडली, तिथेच बदलांची नोंद ठेवणारं गिट सुरू केलं आणि मूळ स्थिती त्यात कमिट करून, म्हणजे नोंदवून, ठेवली. त्या आठवड्यात मी केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम.

मग खरी सुरुवात झाली.

पहिली खरी एरर आली तेव्हा कर्नलची एकही ओळ कंपाइल झाली नव्हती. बोर्डवर कोणता चिप कुठे जोडलाय याचं वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलींत असतं. त्या फाइली वाचणारं डीटीसी नावाचं छोटं साधन कर्नलच्या झाडातच असतं आणि ते आधी बनतं, तेही बोर्डसाठी नाही, माझ्या लॅपटॉपसाठी. ते लिंक होताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडले जाताना, लिंकरने हात वर केले. वाय-वाय-लॉक नावाच्या व्हेरिएबलची व्याख्या दोनदा झाली आहे, पहिली इथे, दुसरी तिथे.

मी कोड पाहिला. खरंच दोन फाइलींत ते व्हेरिएबल जाहीर केलेलं. मला कळेना, मग हे इतकी वर्षं चाललं कसं? सी भाषेत ग्लोबल व्हेरिएबल किंमत न देता दोन फाइलींत नुसतं जाहीर केलं, तर जुना जीसीसी, म्हणजे आमचा कंपायलर, दोघांना एकाच जागेत बसवून टाकायचा. पागडीच्या एका खोलीच्या दोन नावांनी भाडेपावत्या निघाव्यात आणि मालकाने “असतील एकाच घरातले” म्हणून सोडून द्यावं, तसं. मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि ही सवलत बंद झाली. म्हणजे मागितली तर मिळते, आपणहून मिळत नाही. माझ्या उबुंटू २२.०४ वर जीसीसी ११. कोड २०१६ पासून जिथल्या तिथे होता, मालक बदलला होता.

उपाय सोपा, एका फाइलीतली ती ओळ काढायची. लेक्सरच्या, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाच्या, फाइलीत जाऊन काढली. मेक मारलं. तीच एरर. सगळं साफ करून पुन्हा मारलं. तीच. रात्रीचे साडेअकरा झालेले, मी लॅपटॉपशी बोलायला लागले होते. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी मूळ लेक्सर सुधारतेय, पण ४.९ ची बिल्ड पद्धत तो वापरतच नाही. त्यातून आधीच तयार केलेली सीची एक प्रत शेजारी ठेवलेली असते, तिच्या नावाच्या शेवटी “शिप्ड” असं लिहिलेलं असतं, आणि कंपाइल होते ती हीच प्रत. अशा प्रती तयार करणारी फ्लेक्स आणि बायसन ही साधनं प्रत्येकाच्या मशीनवर असतीलच असं नाही, म्हणून पूर्वी केलेली ही सोय. पुढच्या आवृत्त्यांत ती प्रत काढून टाकली. मी “शिप्ड” फाइलीतली ओळ पुसली आणि डीटीसी निमूटपणे तयार झाला.

त्यानंतर दहा-बारा मिनिटं स्क्रीनवर नुसत्या “सीसी, सीसी, सीसी” अशा ओळी सरकत होत्या. कर्नल बिल्ड होताना बघायला मला फार आवडतं. कुकरची शिट्टी होईपर्यंत समोर बसून राहण्यासारखं आहे, काही करायचं नसतं आणि उठवतही नाही.

प्रोसेसरच्या व्ही७ या असेंब्ली भाषेतल्या फाइलीवर गाडी अडली. असेंबलर म्हणाला, ओळीच्या शेवटी कचरा आहे, पहिलं न ओळखलेलं अक्षर हॅश. त्या ओळीत सेक्शनचे गुणधर्म सोलारिसच्या जुन्या पद्धतीने लिहिले होते, शब्दाआधी हॅश लावून. नव्या असेंबलरला ते पटत नाही. हॅशवाला शब्द काढून अवतरणचिन्हांत ए हे एक अक्षर लिहिलं की झालं. मूळ कर्नलमध्येही पुढे नेमकी हीच दुरुस्ती केली गेली. पाच मिनिटांत सुटलेली ही एकमेव अडचण, म्हणून तिचा आदरपूर्वक उल्लेख.

तिसरी मात्र आमच्या घरातली निघाली.

सेन्सरचा ड्रायव्हर आमच्याच त्या सहकाऱ्याने लिहिलेला. मेकला सूचना देणाऱ्या त्याच्या मेकफाइलीत त्याने वॉर्निंगला एरर समजण्याची सूचना दिली होती. नव्या कंपायलरने तिथे बोट ठेवलं: स्ट्रिंग कॉपी करताना दिलेली मर्यादा १६ आहे, आणि जिथे कॉपी करताय त्या जागेचा आकारही १६ आहे. ही वॉर्निंग जीसीसी ८ पासून आली. मला पहिल्यांदा वाटलं, झालं तर मग, १६ मध्ये १६ बसतात, हा कशाला कटकट करतोय? आणि ती “एरर समजा” सूचनाच पुसायला मेकफाइल उघडलीसुद्धा.

तेवढ्यात घाटकोपरच्या एका सोसायटीची तक्रार आठवली. दीड वर्ष पडून होती. त्यांच्या एका टाकीचं नाव ॲपमध्ये नीट दिसायचं आणि पुढे दोन-तीन विचित्र चिन्हं यायची. कधी यायची, कधी नाही. आम्ही ॲपवाल्यांवर ढकललं होतं, त्यांनी सर्व्हरवाल्यांवर. टाकीचं नाव, ओव्हरहेड टँक बी२. इंग्रजीत लिहून बोटांवर मोजलं. ओव्हरहेडची आठ अक्षरं, एक जागा, टँकची चार, आणखी एक जागा, बी आणि दोन. सोळा. सीमध्ये स्ट्रिंग कुठे संपते हे सांगायला शेवटी एक शून्य लागतं. ही कॉपी करण्याची पद्धत, जागा संपली तर ते शून्य लिहीतच नाही. मग वाचणारा पुढच्या मेमरीत घुसतो आणि तिथे शून्य सापडेपर्यंत जे काही पडलं असेल ते नाव म्हणून छापतो. त्याच सोसायटीतली “ओव्हरहेड टँक बी” पंधरा अक्षरांची, म्हणून तिची कधीच तक्रार नव्हती.

मी जागा ३२ केली, शेवटचं शून्य हमखास लिहिणारं फंक्शन वापरलं, आणि मेकफाइलीतली ती सूचना तशीच ठेवून गपचूप फाइल बंद केली.

इथवर दीड दिवस झाला होता आणि ज्यासाठी बसले होते त्या वायफायला अजून हातही लावला नव्हता.

नवीन ड्रायव्हर झाडात ठेवला. त्याचं फोल्डर वायरलेसच्या फोल्डरमध्ये टाकलं, वरच्या मेकफाइलीत एक ओळ लिहिली, मेक मारलं. एकही एरर नाही. मी खुर्चीतून उठून चहा टाकला. परत येऊन पाहिलं तर ड्रायव्हरची एकही ऑब्जेक्ट फाइल तयार झालेली नाही. कर्नलमध्ये निवडायच्या पर्यायांची यादी केकॉन्फिग नावाच्या फाइलींत असते, तिथे त्याचा समावेश करायची ओळ मी विसरले होते, त्यामुळे तो पर्याय कॉन्फिगमध्ये आलाच नाही, आणि मेकने त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओळ घातली, मेन्यूमध्ये पर्याय चालू केला, आठ कामं एकदम करायला लावून मेक मारलं. एक फाइल पडली तरी पुढच्या कंपाइल करत राहा असंही सांगितलं, म्हणजे एकदाच काय ते कळेल.

कळलं. लाल ओळींचा धबधबा. लॉग फाइलमध्ये घेऊन एरर मोजल्या, चारशे बारा.

स्क्रीनच्या तळाशी जी एरर दिसत होती तिथून मी सुरुवात केली. अमुक स्ट्रक्चरमध्ये “प्रॉक_रिलीज” नावाचा सदस्य नाही. ठीक, तो सदस्य कॉमेंट केला. पुढची तशीच, तीही कॉमेंट केली. तासभर हे असं चाललं. मग पुन्हा मेक मारलं आणि मोजलं तर चारशे एकतीस. कॉमेंट करताना कुठेतरी कंसही आत गेला असणार.

आई पाणी प्यायला उठली होती. ती एका सहकारी बँकेत ३१ वर्षं होती, त्यातली पहिली बरीच वर्षं हाताने खतावणी लिहिण्यात गेलेली. माझ्या मागे उभी राहून तिने स्क्रीन पाहिली.

“किती चुका आहेत गं या?”

“चारशे बारा. आता चारशे एकतीस.”

“वाढल्या?”

“हो.”

“पहिली कोणती?”

मी म्हटलं, पहिली वर कुठेतरी गेली, दिसत नाही आता. तिने खुर्ची ओढली. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची नावे आणि जमेची बेरीज, जुळली नाही की त्या काळी सगळी शाखा रात्री थांबायची म्हणे. फरकाचा आकडा नऊने भागला गेला तर कुणीतरी दोन अंक उलटे लिहिलेत, चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. फरक दोनने भागला गेला तर त्याच्या निम्म्या रकमेचं वाऊचर शोधायचं, ते नावेऐवजी जमेला पडलेलं असू शकतं. “पण आधी काय करायचो माहितीये? ज्या तारखेपर्यंत जुळलेलं आहे ती तारीख शोधायची. तिच्यानंतरची पहिली नोंद बघायची. शेवटच्या पानापासून मागे येणारे दोघं होते आमच्यात, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसायचे.” आणि मग, “झोप आता, सकाळी बघ,” असं म्हणून ती गेली.

मी झोपले नाही. गिटमधून सगळं पूर्ववत केलं. आठ कामं एकदम चालवली की आठ फाइलींचं बोलणं एकात एक मिसळतं आणि कोण आधी बोललं ते कळत नाही, म्हणून या वेळी एकच काम लावलं, सगळं लॉगमध्ये घेतलं, आणि लॉगमधली अगदी पहिली एरर शोधली. ती अशी होती: या व्हेरिएबलला सुरुवातीच्या किमती दिल्यात, पण त्याचा प्रकारच अपूर्ण आहे. प्रकाराचं नाव “प्रॉक_ऑप्स”.

मग सगळं उलगडलं. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमधली फाइल कोणी उघडली, वाचली, बंद केली तर कोणतं फंक्शन चालवायचं याचा एक तक्ता कर्नलला द्यायचा असतो. २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीत या तक्त्यासाठी प्रॉक_ऑप्स हा नवा प्रकार आला. त्याआधी साध्या फाइलींचाच तक्ता इथेही वापरत. आमच्या ४.९ ने प्रॉक_ऑप्स हे नावही ऐकलेलं नाही. प्रकारच माहीत नाही, म्हणून त्यातला प्रत्येक सदस्य अनोळखी, त्याचा आकारही अनोळखी. एका तक्त्यामागे सात एरर. ड्रायव्हरमध्ये असे अठ्ठावन्न तक्ते. सात अठ्ठावन्न चारशे सहा, हा गुणाकार मी कागदावर केला, कारण रात्री दोनला माझा स्वतःवर विश्वास नव्हता.

ड्रायव्हरच्या हेडर फाइलीत, म्हणजे जिथे प्रकार आणि फंक्शनं आधी जाहीर करतात तिथे, बाकीच्या सगळ्या हेडरनंतर, सहा ओळी लिहिल्या. कर्नल ५.६ पेक्षा जुना असेल तर प्रॉक_ऑप्स म्हणजे जुनाच फाइल तक्ता समज, प्रॉक_ओपन म्हणजे ओपन, प्रॉक_रीड म्हणजे रीड, असं. मेक मारलं. सहा एरर.

चारशे बाराचे सहा झाले तेव्हा बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि मला कुणालातरी उठवून सांगावंसं वाटत होतं. आईला उठवलं नाही. ऑफिसातल्या मित्राला मेसेज टाकला, त्याने सकाळी अंगठा पाठवला.

उरलेल्या सहांपैकी चार “फॉलथ्रू” या एका शब्दाच्या. स्विचमध्ये एका केसमधून मुद्दाम पुढच्या केसमध्ये उतरायचं असेल तर पूर्वी कॉमेंट लिहीत. ५.४ पासून कर्नलमध्ये त्यासाठी शब्दच आला. जुन्या झाडाला तो शब्द म्हणजे कुठलं तरी जाहीर न केलेलं व्हेरिएबल वाटतं. एका ओळीची व्याख्या देऊन टाकली. पाचवी एरर किरकोळ होती.

सहावीने पूर्ण दिवस खाल्ला. वायफाय एका राउटरवरून दुसऱ्यावर गेलं की ड्रायव्हर कर्नलला एका फंक्शनने कळवतो. एरर होती, या फंक्शनला जास्त आर्ग्युमेंट, म्हणजे पुरवायच्या किमती, दिली आहेत. जुन्या कर्नलमध्ये हे फंक्शन आठ आर्ग्युमेंट घ्यायचं. ४.१२ पासून ती माहिती एका स्ट्रक्चरमध्ये भरून द्यायची, आर्ग्युमेंट फक्त तीन. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी नीट अट घातली होती. कर्नल ४.१२ पेक्षा जुना असेल तर आठ द्या, नवा असेल तर तीन. आपला ४.९, म्हणून आठ दिली. बरोबरच आहे की! मी ती अट दहा वेळा वाचली. आवृत्तीचा आकडा छापून पाहिला, ४.९ च. मग शेवटी झाडातलीच वायरलेसची हेडर फाइल उघडली, आणि तिथे ते फंक्शन तीन आर्ग्युमेंटचं.

बोर्डवाल्या कंपनीने कधीतरी वायरलेसचा अख्खा विभाग नव्या कर्नलमधून उचलून या ४.९ मध्ये आणून बसवला होता. आवृत्तीचा आकडा तोच ठेवला. झिपमध्ये गिटचा इतिहास नाही, त्यामुळे कुणी, केव्हा, का, काही कळायला मार्ग नाही. शाळेच्या दाखल्यावर एक वय आणि तोंडात दुधाचे दात. असं झाड हातात आलं की आवृत्ती विचारून कोड लिहिण्यात अर्थ उरत नाही, प्रत्येक फंक्शन हेडरमध्ये जाऊन बघावं लागतं. मला यांचा खरंच राग आला. चांगल्या हेतूनेच केलं असेल, पण एका रीडमीमध्ये दोन ओळी लिहायला काय झालं होतं? मी अट काढून थेट तीन आर्ग्युमेंटवाली शाखा ठेवली आणि वर ठळक कॉमेंट लिहिली.

लिंक होताना आणखी एक झटका बसला, त्याच वायरलेस विभागातली डझनभर फंक्शनं सापडेनात. कारण ड्रायव्हर मी कर्नलच्या आत कायमचा बसवला होता आणि वायरलेसचा तो विभाग कॉन्फिगमध्ये सुटा मॉड्युल होता. आतल्याला बाहेरच्या सुट्या वस्तूवर टेकता येत नाही. ड्रायव्हरही सुटा केला, केकॉन्फिगमध्ये त्याचं अवलंबन लिहिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी झेडइमेज, म्हणजे यंत्रावर टाकायची कर्नलची फाइल, तयार झाली.

पाऊस ओसरला होता. घरात टेस्टिंगसाठी पडलेलं एक जुनं यंत्र काढलं, सिरियल केबल जोडली आणि नवीन कर्नल टाकण्याआधी सहज एकदा जुन्यावरच चालू केलं. बूट होताना कर्नल स्वतःची ओळख छापतं. लिनक्स आवृत्ती ४.९, मग कंसात ते बिल्ड करणाऱ्याचं लॉगिन आणि मशीनचं नाव, मग कंपायलर. आमच्या त्या सहकाऱ्याचं नाव, त्याच्या फॉरमॅट झालेल्या लॅपटॉपचं नाव, आणि पुढे जीसीसी ६.३, लिनारो या संस्थेचा २०१७ चा.

जी नोंद मी चार दिवस कुठेच नाही म्हणत होते ती आमच्या प्रत्येक टाकीवरच्या यंत्रात, दर वेळी चालू झाल्यावर, अगदी सुरुवातीच्याच ओळींत छापली जात होती. माझ्या घरातलं ते यंत्र फ्रिजवर ठेवलेलं होतं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, मग ग्राहकांना जाणारा बिल्ड त्याच कंपायलरने कर. बाकीचं सगळं त्यावरच टेस्ट झालंय.” पटण्यासारखं होतं. तो टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याची जोडसाधनं, उतरवून पुन्हा बिल्ड केला. आधीच हा वापरला असता तर असेंबलरची कुरकुर झालीच नसती, आणि टाकीच्या नावाची वॉर्निंग जुन्या कंपायलरला दिसतच नाही म्हणून तीही आली नसती. वाय-वाय-लॉक मात्र तिथेच असता, कारण डीटीसी माझ्या लॅपटॉपच्या जीसीसीने बनतो, बोर्डच्या नव्हे. माझ्या सगळ्या दुरुस्त्या मी तशाच ठेवल्या.

यंत्रावर टाकलं तर कर्नल उठलं, वायफायच्या ड्रायव्हरचं मॉड्युल आत यायला तयार नाही. आवृत्तीची खूण जुळत नाही म्हणे. मॉड्युल बिल्ड केलं तेव्हा माझे बदल कमिट झालेले नव्हते, म्हणून बिल्डने त्याच्या आवृत्तीला गिटचा सांकेतिक आकडा आणि पुढे “डर्टी” असं शेपूट लावलं होतं. कर्नल कमिटनंतरचं, स्वच्छ. दोन्ही एका कमिटवरून पुन्हा बिल्ड केले. घरचं राउटर दिसलं, जोडलं गेलं.

“जुळलं का?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“जुळलं.”

“मग ते जांभळं जांभळं काय दिसतंय अजून?”

“त्या वॉर्निंग आहेत.”

“किती?”

मी मोजल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात घाटकोपरच्या सोसायटीत नवीन यंत्र बसलं. दोन दिवसांनी सेक्रेटरींनी ॲपचा फोटो पाठवला. ओव्हरहेड टँक बी२, पुढे एकही चिन्ह नाही. खाली मेसेज होता, “मॅडम, नाव एकदम क्लीन आलं, थँक्यू. पण टाकी भरलेली असताना पाणी वीस टक्के दाखवतंय.”

मी लॅपटॉप घेऊन बसले, सेन्सरचा ड्रायव्हर उघडला आणि सगळ्यात आधी माझाच बदल संशयाने वाचायला घेतला. तासाभराने वॉचमन टाकीवर चढला. फ्लोटमध्ये प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती.